हुनर आणि रोटी

आमच्या वर्गाचा हजेरीपट नीट वाचला तर एखादी जुनी बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. शेख, पठाण, सय्यद यांच्या अधूनमधून अत्तार येतो, मणियार येतो, तांबोळी, शिकलगार, रंगरेज, बागवान, पिंजारी येतात. अत्तर विकणारा तो अत्तार. बांगड्या भरणारा तो मणियार. पानं विकणारा तांबोळी, हत्यारांना धार लावणारा शिकलगार, कापड रंगवणारा रंगरेज, फळबागा करणारा बागवान आणि कापूस पिंजणारा पिंजारी. ही नावं गावानं कामावरून दिलेली. आज बहुतेक घरांत ते काम राहिलेलं नाही, नाव तेवढं राहिलं आहे आणि तेही बऱ्याचदा जातीच्या दाखल्यापुरतं.

मी इथे गोरेगावात मराठी आणि उर्दू शिकवते. शब्दांचे अर्थ सांगणं हा माझा रोजचा उद्योग. एकदा आठवीच्या मुलांना गृहपाठ दिला, की आपापल्या आडनावाचा अर्थ घरी विचारून या. बहुतेकांनी हौसेनं लिहून आणलं. सुतार, कुंभार, जोशी, देशमुख, मणियार, सगळे फळ्यावर आले. एक मुलगा मात्र वही उघडेना. जवळ बोलावून विचारलं तर हळूच म्हणाला, "मॅडम, अब्बा म्हणाले, आपण आता शेख लिहितो, तेवढंच सांग."

त्याच्या अब्बांना मी दोष देत नाही. मी स्वतः पिंजाऱ्याची नात आहे. ती नजर खाली का जाते, ते मला ठाऊक आहे.

माझे नाना सेनगावच्या बाजूच्या खेड्यांतून धनुकली खांद्यावर टाकून फिरायचे. दिवाळी झाली, थंडी पडू लागली, की त्यांचा हंगाम सुरू. पुढे लग्नसराई. ज्या घरी काम मिळेल तिथल्या पडवीत किंवा एखाद्या रिकाम्या खोलीत ते बसत. एका हातात धनुकली, दुसऱ्या हातात तांतीवर मारायचा लाकडी ठोकळा. तो मारला की तांत घुमायची आणि दडपून बसलेला जुना कापूस ढगासारखा फुलून यायचा. बघायला पोरांची गर्दी. संध्याकाळी नाना घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया, दाढी, पापण्या सगळं पांढरं झालेलं असे.

पिंजलेल्या कापसाची रजई भरली की पुढचं काम नानीचं. ती मधोमध एक फूल धरायची, चार कोपऱ्यांत चार कैऱ्या आणि कडेनं वेल. कागदावर काही काढलेलं नसे. दोरा ताणून, खडूनं दोन-चार खुणा करून ती टाके घालायला बसायची आणि वेल चारी बाजूंनी फिरून बरोबर जिथं सुरू झाली तिथं येऊन मिळायची. तिच्या रजया आमच्या समाजातल्या लग्नांत गेल्या, तशाच मराठा आणि वंजारी घरांतही गेल्या. नानीनं या कामाला "कला" असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. तिच्यासाठी ते "काम" होतं.

मग कापूस पिंजायची मशीन आली. मशीनमागोमाग फोमच्या गाद्या आल्या. धनुकली खुंटीवर गेली. पण खरं सांगायचं तर त्याआधीच नानांची छाती गेली होती. आयुष्यभर कापसाची धूळ आत घेतलेली. शेवटच्या वर्षांत रात्री त्यांचा खोकला थांबायचा नाही. म्हणून जुन्या हस्तकलेचं कुणी फार गोड वर्णन करू लागलं, की मला त्यातला खोकलाही ऐकू येतो.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या मुलीमुळे. तिनं शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा "ए" ग्रेडनं पास केल्या. तोवर घरात सगळे खूष होते, कारण दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. पण बारावीच्या वर्षी तिनं सांगितलं, की मला फाइन आर्टची सीईटी द्यायची आहे. कापडावरची नक्षी, रंगांची रचना, हेच शिकायचं आहे. ईदला सगळे जमले तेव्हा माझ्या भावानं, म्हणजे तिच्या मामूंनी, सरळ विचारलं, "तसवीरां निकाल के पेट भरता क्या, बेटा?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आपा, चार पिढ्या आपण हातानं राबलो. नाना कसे गेले ते तू बघितलंस. आता पोरगी तरी खुर्चीवर बसू दे."

हे तो रागानं बोलला नाही, मायेनं बोलला. म्हणून उत्तर देणं अवघड होतं.

त्याच दिवसांत मुलगी तिच्या चित्रकलेच्या सरांकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. विल्यम मॉरिस नावाच्या माणसावरचं. माझं इंग्रजी बेताचं. रात्री जेवणं आटोपली की ती वाचायची, अर्थ सांगायची आणि मी ऐकायची. सुरुवातीला मला वाटलं, हा कुणी तिकडचा चित्रकार असेल. हळूहळू लक्षात आलं, की मामूंनी विचारलेला प्रश्न या माणसानं दीडशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, फक्त उलट्या बाजूनं. कलेनं पोट भरतं का, हा मामूंचा प्रश्न. ज्यानं ही सुंदर वस्तू केली त्याचं पोट भरलं का, हा मॉरिसचा.

भिंतीवरच्या वेलींपासून खाणीपर्यंत

मॉरिस १८३४ साली लंडनजवळ एका श्रीमंत घरात जन्मले. वडिलांनी एका तांब्याच्या खाणीचे शेअर घेतले होते, त्यावर घर आरामात चाले. ऑक्सफर्डला शिक्षण झालं. मनात आणलं असतं तर ते नुसतं बसून खाऊ शकले असते. पण त्यांना हातानं काम करायची ओढ होती. १८६१ साली त्यांनी मित्रांबरोबर एक कंपनी काढली आणि घरात लागणाऱ्या वस्तू बनवायला सुरुवात केली. भिंतीवर चिकटवायचे नक्षीदार कागद, छापील कापड, गालिचे, रंगीत काचा, फर्निचर.

त्यांच्या नक्षीत सारं ओळखीचं असतं. वेली, डेझीची फुलं, विलोची पानं, पक्षी. १८८३ सालची त्यांची एक नक्षी फार प्रसिद्ध आहे. बागेतल्या स्ट्रॉबेरी चोरून खाणारे पक्षी त्यांनी पाहिले आणि कापडावर आणले. निळ्या जमिनीवर समोरासमोर बसलेले पक्षी, चोचीत लाल फळ. आजही मोबाइलच्या कव्हरपासून पिशव्यांपर्यंत ती नक्षी सापडते. तुमच्याही घरात ती नकळत आलेली असेल.

ती निळी जमीन साधण्यासाठी त्यांनी काय खटपट केली, ते ऐकून मला ते जवळचे वाटू लागले. तेव्हा बाजारात रासायनिक रंग आले होते, झटपट आणि स्वस्त. मॉरिसना ते भडक वाटत आणि ते लवकर विटत. त्यांना जुना नीळ हवा होता. त्यासाठी ते लीक नावाच्या गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन राहिले आणि स्वतः रंगाच्या पिंपात हात घालून शिकले. त्यांचे हात निळे झालेले असत. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे हा आपल्यातलाच, रंगरेज!" याच वॉर्डलनी पुढे भारतातल्या टसर रेशमाचा आणि इथल्या वनस्पतींपासून होणाऱ्या रंगांचा अभ्यास केला.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत सांगण्यासारखी आहे. नक्षी काढणाऱ्यांसाठी इराण ही जणू पवित्र भूमी आहे, असं मॉरिस आपल्या व्याख्यानात सांगत. इराणी आणि तुर्की गालिचे त्यांनी आयुष्यभर अभ्यासले. इराणातल्या अर्दबीलच्या दर्ग्याशी नाव जोडलेला एक भव्य गालिचा लंडनमध्ये विक्रीला आला, तेव्हा तिथल्या संग्रहालयानं त्यांचं मत मागवलं. तो घ्यावाच, असं त्यांनी कळवलं आणि १८९३ साली संग्रहालयानं दोन हजार पौंडांना तो घेतला. जवळजवळ साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटर रुंद असा तो गालिचा आहे. चौरस इंचाला तीनशेहून जास्त गाठी. एका टोकाला मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे वर्ष विणलेलं आहे. एवढ्या कामावर करणाऱ्याचं नाव आहे, हे मला महत्त्वाचं वाटलं. नानीच्या एकाही रजईवर तिचं नाव नव्हतं.

मॉरिस इथेच थांबले असते तर एक नामांकित नक्षीकार म्हणून त्यांची नोंद झाली असती. पण त्यांना एक गोष्ट बोचत होती. हातानं केलेलं चांगलं काम महाग पडतं, ते श्रीमंतच घेतात आणि कामगाराच्या घरात कारखान्यातला रद्दी माल जातो. शिक्षण थोड्यांसाठीच असावं किंवा स्वातंत्र्य थोड्यांसाठीच असावं असं आपण म्हणत नाही, मग कला तरी थोड्यांसाठी का, असं ते १८७७ पासून जाहीरपणे विचारू लागले. १८८३ साली ते समाजवादी चळवळीत सामील झाले आणि १८८४ च्या अखेरीस त्यांनी साथीदारांबरोबर सोशलिस्ट लीग ही संघटना काढली.

त्यानंतरची काही वर्षं हा पन्नाशीचा माणूस आगगाडीनं उत्तर इंग्लंडमधल्या गिरणगावांत फिरत होता. मँचेस्टर, लीड्स, ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम. कधी सभागृहात, कधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून बोलायचं, चळवळीचं वर्तमानपत्र विकायचं. मँचेस्टरला १८८३ साली त्यांना कलेवर बोलायला बोलावलं होतं. ते बोलले मजुरीवर. लोकांनी वर्तमानपत्रातून तक्रार केली. मॉरिसनी उत्तर दिलं, की हा प्रश्न नुसत्या कलेचा नाहीच. एप्रिल १८८७ मध्ये नॉर्थंबरलंडच्या कोळसा खाणींत मजुरीकपातीविरुद्ध संप चालू होता. तिथे हॉर्टन गावाजवळच्या मैदानात हजारो खाणकामगारांपुढे ते उभे राहिले. नुसत्या मजुरीच्या आकड्यावर थांबू नका, माणसासारखं जगणं मागा, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. ज्या हातांनी स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी काढले, त्याच माणसाचं हे भाषण.

आपला कापूस, त्यांची गिरणी

आता तुम्ही म्हणाल, कुठे ओल्डहॅम आणि कुठे गोरेगाव? मला तर या दोन गावांत एक सरळ धागा दिसतो.

आमच्या गावापासून रिसोड जवळ, आणि रिसोडपासून वऱ्हाड सुरू. आमचा हिंगोलीचा भाग निजामाच्या राज्यात राहिला, पण वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्यांना तिथली काळी जमीन आणि कापूस हवा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून वऱ्हाडातून थेट नागपूरपर्यंत रेल्वे झाली. या रेल्वेनं कापूस मुंबईच्या बंदरावर गेला, तिथून बोटीनं इंग्लंडला. त्याच वाटेनं गिरणीचं स्वस्त कापड परत आलं आणि त्यानं आपल्या कोष्टी-मोमीन विणकरांचे माग बंद पाडले. ओल्डहॅमच्या गिरणीत कापसाची धूळ खाणारा मजूर आणि पडवीत धूळ खाणारे माझे नाना, दोघांच्या छातीत शिरलेली धूळ एकच.

मॉरिसना या दुसऱ्या टोकाचंही भान होतं. १८७९ साली बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात ते हिंदुस्थानच्या कारागिरीविषयी बोलले. आपल्या व्यापारानं आणि राज्यानं तिथली पिढ्यान् पिढ्यांची कला मोडीत निघते आहे, असं त्यांनी आपल्याच लोकांना सुनावलं. सरकार तिथल्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतं आणि स्वस्तात विकतं, यावर त्यांनी बोट ठेवलं. कारागिराच्या पोटावर सरकारच पाय देणार असेल तर कला टिकणार कशी? हे आपल्याला अपरिचित नाही. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही त्या काळी गालिचे विणले जात.

आणि असंही नाही, की हे सगळं तिकडचेच लोक बोलत होते. मॉरिस उत्तर इंग्लंडमध्ये फिरत होते, त्याच वर्षांत आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करत होते. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. "दीनबंधू"चे संपादक. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई, अशा साध्या मागण्या. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी मुलांना घेऊन निवांत बसतो, तेव्हा लोखंड्यांचं नाव किती घरांत निघतं? त्यांच्या सभांना हिंदू कामगार होते तसे मुसलमान कामगारही होते. मजुरीच्या प्रश्नाला धर्म नसतो.

पुढे १९३१ साली महात्मा गांधी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. खादीच्या चळवळीमुळे आणि विलायती कापडावरच्या बहिष्कारामुळे तिथल्या गिरण्यांना झळ बसली होती. लोक चिडून येतील अशी भीती होती, पण कामगारांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. तुमची बेकारी मला दिसते, पण माझ्या देशातली उपासमारही बघा, असं त्यांनी त्यांना समजावलं. धाग्याची दोन्ही टोकं तिथे भेटली, असं मला वाटतं.

मॉरिसमध्ये सगळं काही चांगलंच होतं असं नाही. समाजवाद सांगणाऱ्या या माणसाच्या कंपनीचा माल घेणारे बहुतेक धनिकच होते. हे त्यांना स्वतःला खुपत असे. एका लोखंड कारखानदाराच्या घराची सजावट करताना, श्रीमंतांच्या चैनीची सेवा करण्यात माझं आयुष्य जातं आहे, असं ते वैतागून बोलले होते. ज्या खाणीच्या पैशावर ते वाढले तिथून पुढे आर्सेनिक हे विषही निघू लागलं आणि त्यांच्या सुरुवातीच्या वॉलपेपरच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असल्याचं अलीकडच्या तपासणीत आढळलं. १८९६ साली ते गेले तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. दहा माणसांचं काम एकट्यानं केलं म्हणून गेले, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. दोष असूनही एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. वस्तूचं सौंदर्य आणि ती करणाऱ्याचं आयुष्य, यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडायचा नाही.

हिमरू आणि मशरू

हा हिशेब बघायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या औरंगाबादला जाते, तेव्हा बीबी का मकबरा, दौलताबाद आणि शक्य असेल तर हिमरूचा एखादा माग मी मुलांना दाखवतेच. मुहम्मद तुघलकानं दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकर इकडे आले, असं सांगतात. किनखाब म्हणजे सोन्याच्या जरीचं राजेशाही कापड. ते सगळ्यांना कुठलं परवडायला? म्हणून सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन तशाच देखण्या नक्षीचं हिमरू तयार झालं. बदाम, डाळिंब, अननस, फुलांच्या जाळ्या, सगळी नक्षी विणकरानं मागावर उतरवायची. पाय खड्ड्यात सोडून दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी मोजायचं तर थोडंसंच कापड पुढे सरकलेलं.

मशरू हे याचंच भावंडं. पुरुषांना शुद्ध रेशीम अंगाला लावायची मनाई. मग विणकरांनी असं कापड विणलं, की वरून रेशमाची झळाळी आणि आतून अंगाला फक्त सूत लागणार. शरीयतनं मुभा दिलेलं, म्हणून नाव मशरू. दीन पाळायचा आणि देखणंही दिसायचं, ही अडचण एका कारागिरानं मागावर बसून सोडवली. याला मी अक्कल म्हणते. हातातली अक्कल.

आज तिथे मशीनचं कापड "हिमरू" म्हणून स्वस्तात विकलं जातं आणि हातमाग थोडेच उरले आहेत. सहलीत एका वयस्क विणकराला आमच्या मुलांनी विचारलं, "चाचा, तुमची मुलं हे काम करतात का?" ते हसले आणि म्हणाले, "बेटा, उनकू पगार होना." मुलांना पगार हवा. मामूंचं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं.

म्हणजे हुनर वाईट म्हणून मुलं ते सोडत नाहीत. दाम मिळत नाही म्हणून सोडतात. हे लक्षात आल्यावर मी आठवीच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला एक गणित घातलं. घरी किंवा शेजारी कुणी गोधडी शिवत असेल तर विचारा, एका गोधडीला किती वेळ लागतो? एका मुलीच्या दादीनं सांगितलं, रोज दुपारी दोन तास, असा महिना. मुलांनी फळ्यावर मांडलं. दोन तास गुणिले तीस दिवस, साठ तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी. मग विचारलं, शिलाई किती मिळाली? जे उत्तर आलं ते शेतातल्या निंदणीच्या अडीच दिवसांच्या रोजाइतकं होतं. वर्ग गप्प झाला. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग बाकीचे पाच दिवस कुणी खाल्ले?"

त्याचं उत्तर सोपं आहे. आपण खाल्ले. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले म्हणून घरी येऊन खुशीनं सांगणारे आपण सगळे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही आपल्या रसूलांची शिकवण लहान मूलही सांगेल. हजरत दाऊद अलैहिस्सलाम बादशाह असून हाताच्या कमाईचं खात, हेही आपण तकरीरीत ऐकतो. पण गल्लीतली बी रजई शिवून आणते, खाला ड्रेसला मोती-जरी लावून देते, तेव्हा ते "घरातच तर बसून केलंय" म्हणून आपण त्याचा भाव पाडतो. ज्या कामाला आपणच दाम देत नाही, त्या कामाच्या नावाची आपल्या पोरांना लाज वाटली, तर नवल काय?

मुलीच्या बाबतीत घरात बरीच चर्चा झाली. तिच्या अब्बांचं म्हणणं, आधी बीएड कर, मग चित्रं काढत बस. अम्मी मात्र, म्हणजे तिची नानी, ठाम होती. ती म्हणाली, माझ्या आईच्या बोटांत जे होतं ते या पोरीत आलंय, ते वाया घालवू नका. शेवटी मी भावाला फळ्यावरचं गणित सांगितलं. साठ तास, साडेसात दिवस, अडीच दिवसांचा रोज. तो बराच वेळ काही बोलला नाही. ट्रॅक्टरचे हप्ते भरणारा माणूस आहे, हिशेब त्याला लगेच कळतो. मग मुलीला म्हणाला, "जा. नक्षी शीक. पन हिसाब भी सीख. तेरे परनाना को हिसाब नहीं आता था."

तिनं सीईटीचा फॉर्म भरला आहे. निकाल काय लागेल, पुढे नोकरी मिळेल की नाही, अल्लाह जाणे. मला तिच्याकडून एवढंच हवं आहे, की एक दिवस तिनं काढलेली नक्षी एखाद्या विणकरीण बाईनं विणली, तर त्या बाईच्या हाती पूर्ण साडेसात दिवसांचा दाम पडावा आणि कापडाच्या कोपऱ्यात तिचंही नाव असावं.

वाचक बहिणींना आणि भावांना माझी एक विनंती आहे. या सुट्टीत घरातल्या दादी-नानीजवळ मुलांना वही घेऊन बसवा. आपल्या घराण्याचं काम काय होतं, त्यातल्या अवजारांची नावं काय, नक्षीला काय म्हणत, रंग कशापासून करत, एका वस्तूला किती दिवस लागत आणि काय मिळत असे, ते लिहून घ्या. अवजार घरात असेल तर भंगारात घालू नका. आणि शेजारची बी शिवलेली रजई घेऊन दारात आली, तर भाव पाडण्याआधी तिला विचारा, "बी, किती दिवस लागले?"

आठवीतला तो मुलगा परवा आपण होऊन माझ्याकडे आला. घरी अब्बांच्या माळ्यावर एक धनुकली निघाली म्हणे. तांत तुटलेली आहे. "मॅडम, नवी तांत कुठे मिळते?" असं विचारत होता. हिंगोलीच्या बाजारात आम्ही अजून शोधतो आहोत.